युगांडाला अनवाणी

हल्ली आमच्या अमडापुरातून कुणाचा मुलगा किंवा जावई युगांडाला नोकरीवर निघाला, की त्याच्या घरचं कुणीतरी माझ्याकडे येतं. ‘काकू, तुम्ही तं जाऊन आल्या, तिकडं काय काय न्याव लागते ते सांगा.’ मी सांगते. पिवळ्या तापाचं इंजेक्शन निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, आणि त्याचं पिवळं पुस्तक मोठ्या बॅगेत कोंबू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, कारण ते जाताना तिथं विचारतात आणि परत येताना इथंही विचारतात. विषुववृत्तावरचा देश म्हणून नुसते सुती कपडे भरू नका, सकाळी स्वेटर लागतो. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून न्या. डाळी आणि पिठं नेऊन वजन वाढवू नका, तिथं सगळं मिळतं. पुलांचे आणि पोलिसांचे फोटो काढू नका. दुकानात गेलात तर भाव विचारण्याआधी माणसाची खुशाली विचारा, त्याशिवाय तिथं बोलणंच सुरू होत नाही. इथपर्यंत मी धडाधड बोलते. मग कुणीतरी विचारतं, ‘अन् पायात काय घालाचं?’ आणि मी अडखळते. उत्तर सोपं आहे, बंद बूट. पण ते शिकताना माझं जे झालं, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. देवीनं माझं ऐकलं, की माझा हट्ट मोडला, की माझ्याकडे लक्षच दिलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

माझी एकुलती लेक लग्नानंतर तिकडे गेली. जावई मूळचे दुसरबीडचे, जिंजा नावाच्या शहराजवळ एका साखर कारखान्यात कामाला आहेत. पाच वर्षांत तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ राहिला नाही, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. मी इथं, ती तिथं, आणि मध्ये फोन. दुसऱ्या वेळी ती फोनवर काही बोललीच नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता आणि मी वांग्याच्या वाफ्यात फोन कानाशी दाबून उभी होते. त्यानंतर आम्ही मायलेकी त्या विषयावर कधी बोललो नाही. मला वाटायचं, न बोलण्यानंच ते पुसलं जाईल.

तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी मी गावाजवळच्या टेकडीवर आमच्या देवीला गेले. म्हणाले, बाई, या वेळी मूल सुखरूप माझ्या मांडीवर येऊ दे, तोवर मी पायात काही घालणार नाही. आमच्याकडे यात नवल नाही, नवरात्रात अर्धं गाव अनवाणी असतं. पायऱ्यांखाली काढलेल्या चपला मी तिथंच सोडल्या आणि तशीच घरी आले. आमच्या यांनी पाय बघितले आणि डोक्याला हात लावला. ‘अवं, बोलाचंच होतं तं नारळ बोलाचं, साडी बोलाची. पायाले काऊन सजा देऊन राह्यली?’ मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा आणि लेकीला यातलं काही सांगू नका. वैशाख आला. डांबरावरून बाजारात जाताना तळवे भाजून निघायचे, शेतात बाभळीचे काटे मोडायचे. पण खरं सांगते, त्या चटक्यात मला एक सुख होतं. दोन वेळा मी नुसती फोन धरून उभी होते. या वेळी मी काहीतरी करत होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, असं आमचं ठरलेलं. पण सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिनं विमानात बसायचं नाही. म्हणजे मीच जायचं. जिल्ह्याबाहेर मी कधी दोन रात्री राहिले नव्हते. बातमी पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणे तिकडे फार ऊन, कुणी म्हणे थंडी. एकीनं सांगितलं की तिथल्या बाया गुडघे टेकून नमस्कार करतात, तर दुसरी म्हणाली, असं कुठं असतं काय बाप्पा! जो यायचा तो आधीच्याचं खोडून जायचा. मी सगळं एका वहीत लिहून घेत होते आणि जितकं लिहावं तितकी जास्त गोंधळत होते. शेवटी जावयांनी फोनवर आपल्या आवाजात भरून एक लांबलचक निरोप पाठवला. इंजेक्शन, गोळ्या, कागदपत्रं, सगळं सावकाश सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, ‘आई, एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन जोड बंद बूट आणा. इथल्या लाल मातीत बारीक पिसू असते. अनवाणी पाय दिसला की नखाच्या कडेनं आत शिरते अन् तिथंच अंडी घालते. पाय सडतो माणसाचा. अंगणातबी अनवाणी उतरायचं नाही.’

तो निरोप मी सहा-सात वेळा ऐकला. मला वाटलं देवी माझी थट्टा करतेय. जगात इतके देश आहेत, त्यातून नेमक्या अशा मातीत माझी लेक दिलीस? देवळातल्या गुरवांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘नवस तुमचा, तुम्ही अन् देवी पाहून घ्या. मी मधात काय बोलू?’ आमचे हे म्हणाले, सोड आता, देवीला काय तुझे पाय मोजत बसायचंय? पण सोडायचं कसं? दोन गेले होते. उद्या तिसऱ्याला काही झालं असतं तर मी कुणाकडे बघितलं असतं? शेवटी तोड काढली माझ्या मोठ्या जाऊबाईंनी. ‘मोजे घाल नं माय. मोजे म्हंजे काही चप्पल नोहे.’ मला ते इतकं पटलं की मी त्याच दिवशी जाड लोकरीचे तीन जोड आणले. दोन्ही डगरींवर हात ठेवल्याचं समाधान. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ती मोठी युक्ती वाटली होती.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या वेळी पुष्कळ जण बूट काढून ट्रेमध्ये ठेवत होते, तेव्हा क्षणभर सगळे माझ्याच रांगेत आल्यासारखे वाटले. पुढे ज्यानं त्यानं आपापले बूट चढवले आणि मी एकटी मोज्यांवर. एका शिपाईबाईनं काळजीनं विचारलं, ‘मावशी, चप्पल हरवली का?’ मी मान डोलावली. तिथून खोटं बोलायला सुरुवात झाली ती थांबेचना. तिकडे विमानतळावर लेक समोर आली, एवढं मोठं पोट घेऊन, आणि मला मिठी मारण्याआधी तिनं माझ्या पायांकडे बघितलं. ‘आई, पायात काही काऊन नाही?’ म्हटलं, पाय सुजले, बुटात जाईनात. तिनं घरी माझ्यासाठी नवे बूट आणून ठेवले होते. ते मी पलंगाखाली सरकवले. सूज उतरली की घालीन म्हणाले.

घरात फरशी होती, तिथं मोज्यांवर निभत होतं. पण सकाळी सूर्याला पाणी घालायची माझी सवय. मोजे घालून अर्घ्य कसं द्यायचं? लेक उठायच्या आत मी मोजे काढून मागच्या अंगणात उतरायची. ती माती आपल्यासारखी काळी नाही, विटेच्या चुऱ्यासारखी लाल. पावलांना थंडगार लागायची. बारा-तेरा दिवस असे गेले आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटली. मग नखाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा फोड आला, मध्ये काळा ठिपका. काय आहे ते मला कळलं होतं. निरोप पाठ होता माझा. पण सांगितलं तर अंगणात अनवाणी का उतरलीस हे निघालं असतं आणि मग नवसही निघाला असता. मी हळद लावली, मोजे चढवले आणि गप्प बसले. चार दिवसांत अंगठा टम्म फुगला. लेकीची सेवा करायला आलेली मी भिंतीला धरून चालू लागले आणि नववा महिना लागलेली लेक मला बसल्या जागी चहा आणून देऊ लागली. देवीला मनातल्या मनात मी रोज विचारत होते, हे तुझं चाललंय काय?

एक दिवस दुपारी लेक झोपली असताना मी कोपऱ्यावरच्या बाजारातून अननस आणायला निघाले. मोजा फोडाला चिकटत होता म्हणून तो काढून पिशवीत टाकला होता. रस्त्याच्या कडेला पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका दगडावर बसले. समोर एक म्हातारी कच्च्या केळ्यांचे घड मांडून बसली होती. तिथं अशा बायांना सगळे जज्जा म्हणतात, म्हणजे आजी. माझ्याकडे बघत ती उठली, रस्ता ओलांडून आली आणि माझ्यासमोर चक्क गुडघे टेकून बसली. मला वहीतलं आठवलं, इथल्या बाया गुडघे टेकून नमस्कार करतात. एवढी वयस्कर बाई माझ्यापुढे गुडघे टेकतेय बघून मी इतकी गडबडले की मीही हात जोडून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी एकमेकींसमोर गुडघे टेकून. ती खो खो हसायला लागली. मग तिनं मला दंडाला धरून परत दगडावर बसवलं आणि माझा डावा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला. ती नमस्कार करत नव्हतीच. ती माझा पाय बघायला वाकली होती.

तिनं झग्याला लावलेली टाचणी काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं आणि नखाच्या कडेची कातडी इतक्या अलगद सोडवली की मी बघतच राहिले. एक पांढरी बारीक पिशवी अख्खी बाहेर आली. ती तिनं दगडावर ठेवून काडीनं जाळली. जखमेवर कसलासा झोंबरा रस लावला, चिंधी बांधली. मला सांगायचंय ते एवढंच की इतके महिने माझ्या त्या पायांना कुणी हात लावला नव्हता. मी रडायला लागले. ती माझ्याशी तिच्या भाषेत बोलत होती, मी तिच्याशी वऱ्हाडीत बोलत होते. मी तिला सगळं सांगितलं, दोन गेलेले, तिसरं पोटातलं, देवी, नवस. तिनं सगळं मान हलवत ऐकलं. मग आपल्या पायातल्या रबरी चपला काढल्या आणि माझ्या पायांत घालू लागली. मी पाय मागे ओढला. तिनं परत धरला. मी परत ओढला. तेव्हा ती चिडली, पोटरीवर एक चापट मारली, लहान पोराला मारतात तशी, आणि काहीतरी मोठ्यानं बोलली. तो आवाज आणि तो चेहरा बघून मी हूं की चूं न करता चपला घालू दिल्या. चांगल्या डॉक्टरकडे जायचं सोडून टाचणीवर भागवणं बरं नव्हे, हे मी आता सगळ्यांना बजावून सांगते. पण तेव्हा मला ती नुसती टाचणी वाटली नव्हती.

वळणापर्यंत मी त्या चपला घालून गेले, कारण ती बघत होती. वळण ओलांडल्यावर काढून पिशवीत टाकल्या. आणि मग सुरू झालं मनाचं दळण. वळणापर्यंतची पावलं धरायची का? मी स्वतः घातल्या नव्हत्या, तिनं घातल्या. नवस मोडला की नाही? आणि ती कोण होती? माझी देवीच त्या म्हातारीच्या रूपानं मला बंधनातून सोडवायला आली होती? पण बंधन देवीनं कुठं घातलं होतं, ते तर मीच घालून घेतलं होतं. की हा मोह होता आणि ही परीक्षा होती? दोन्ही तितकंच खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तारखेच्या अठरा दिवस आधी, लेकीच्या कळा सुरू झाल्या. वळणापर्यंतची ती पन्नास-साठ पावलं माझ्या डोक्यात घण घालू लागली. जावयांनी गाडी काढली, आम्ही दवाखान्यात पोचलो. घाईत मी पायात काहीच घातलं नव्हतं, मोजेसुद्धा नाही, आणि मनात म्हणत होते, बघ बाई, मी अनवाणी आहे, बघ. लेकीला आत नेलं. मी मागोमाग निघाले, तर दारातल्या नर्सबाईंनी हात आडवा धरला. माझ्या चिंधी बांधलेल्या पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘नो शूज, नो, मम्मी.’ जावई म्हणाले, ‘आई, अनवाणी आत सोडत नाहीत. एकालाच जाता येतं, अन् ती तुम्हालाच मागतेय.’

आतून तिची हाक आली. ‘आई!’ नुसती तेवढीच. पुन्हा एकदा. मी दारात उभी. घाईत उचललेल्या कालच्याच पिशवीत म्हातारीच्या चपला होत्या. त्या घातल्या की नवस मोडला, या वेळी स्वतःच्या हातानं, तेही मूल जन्माला येण्याच्या ऐन घटकेला. आणि घातल्या नाहीत तर ती आत एकटी. मागच्या दोन्ही वेळांसारखी एकटी. सुचून केलं असं मी म्हणणार नाही. माझ्या तोंडून निघालं, ‘बाई, आता तूच पाह्य. माह्याच्यानं होत नाही.’ आणि मी चपला घातल्या आणि आत गेले.

सकाळपासून दुपारपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. माझी नखं तिच्या मुठीत निळी पडली. आणि मग ते रडणं ऐकू आलं, बारीक, रागावलेलं. मुलगी. अडीच किलोला थोडी कमी, पण धडधाकट. ती माझ्या मांडीवर दिली तेव्हा माझ्या पायांत त्या म्हातारीच्या चपला होत्या.

आठवड्यानं जावयांना घेऊन मी म्हातारीकडे गेले, नव्या चपला आणि मिठाई घेऊन. मला वाटलं होतं ती जागेवर नसणार, कुणाला ती माहीतही नसणार. पण ती होती. केळी मोजत होती. माझं तोंड बघून तिला ओळख पटली नाही, अंगठा बघितल्यावर पटली. मी जावयांना म्हटलं, त्या दिवशी मला चापट मारून ही काय म्हणाली, ते विचारा. कारण ते शब्द मी रोज मनात घोळवत होते. तिनं कपाळ खाजवत काहीतरी सांगितलं आणि जावई हसले. ‘आई, ती म्हणते, मला आता काय आठवतंय? म्हटलं असेल, एवढी मोठी बाई, लेकरासारखी हट्ट काय करते.’ मीही हसले. घरी येईपर्यंत हसत होते आणि घरी आल्यावर मला कळेना, की मी निराश झालेय की आणखी आभारी.

सव्वा महिना झाला. परत निघायच्या आदल्या दिवशी बाळाला तेल लावताना मी लेकीला सगळं सांगून टाकलं. चपला, मोजे, खोटी सूज, दवाखान्याचं दार. वाटलं रागावेल, नाहीतर गळ्यात पडेल. तिनं बाळाची मूठ आपल्या बोटांत धरली. मग म्हणाली, ‘मंग ते दोघं काऊन गेले, आई? तवा कोणी नवस केला नोहता म्हणून?’ तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. माझे तेलाचे हात तसेच राहिले. इतकी वर्षं ती हे मनात धरून होती, की तिचंच काही चुकलं, काही करायचं राहिलं म्हणून ते गेले, आणि मी अनवाणी फिरून तेच खरं ठरवत होते. मी म्हटलं, ‘नाही माय, तुह्यं काहीच चुकलं नोहतं. माह्यंच समजणं चुकलं.’ मग ती रडली. त्या दोघांसाठी आम्ही मायलेकी पहिल्यांदाच एकत्र रडलो.

अमडापूरला आल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या यांच्याबरोबर टेकडीवर गेले. देवीची ओटी भरली. विमानात बसून जुळवलेली सगळी वाक्यं ऐन वेळी विसरले. एवढंच म्हणाले, बाई, तू काय केलंस आणि आपोआप काय झालं, ते मला वेगळं काढता येत नाही, आणि आता काढायचंही नाही. नात बरी आहे, लेक बरी आहे, तुझे फार उपकार. मागायला काही उरलं नव्हतं, पण माझे हात खाली येईनात. तेव्हा लक्षात आलं की इतके महिने मी देवीकडे फक्त तिसरं मागत राहिले, पहिल्या दोघांबद्दल तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि म्हणाले, ती दोघं तुझ्याजवळच आहेत ना? त्यांना सांभाळ.